आत काय होते?

गोदामाच्या आगीतून बाहेर काढलेला कामगार अपघात विभागात पोहोचला, की त्याला घेऊन आलेल्याला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात : आत काय होते? उत्तर बहुधा एका शब्दात येते, ‘केमिकल’. फार तर ‘थिनर-बिनर असेल’. मालकाचा फोन लागत नाही, सुपरवायझर पोलिसांसमोर उभा असतो आणि ज्या हमालाने ती पिंपे स्वतः रचली तो स्ट्रेचरवर असतो.

या एका शब्दावरून उपचार ठरवायचे असतात. भाजलेली त्वचा समोर दिसते. धुराने केलेली इजा दिसत नाही. फोम, नायलॉन यांसारख्या वस्तू जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही तयार होतो आणि त्यावर वेगळे औषध लागते. कार्बन मोनॉक्साइडची गंमत, खरे तर क्रूर थट्टा, अशी की बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर त्याला ओळखत नाही. हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट धरून ठेवते. पण ऑक्सिमीटर त्यालाच ऑक्सिजन समजतो आणि पडद्यावर 98 टक्के दाखवतो. रुग्ण गुदमरत असतो आणि आकडा उत्तम असतो. आवाज घोगरा झाला, नाकपुड्यांत काजळी दिसली, तर काही तासांत श्वासनलिका सुजून बंद होऊ शकते. म्हणून ‘बोलतोय ना, ठीक आहे’ म्हणून अशा माणसाला घरी पाठवणे जिवावर बेतते.

आग लागायच्या आधीचे विज्ञान साधे आहे, पण गोदामात ते कोणी सांगत नाही. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ वर जमते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. अ‍ॅसिटोनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली सुमारे 20 अंश सेल्सिअस, टोल्युइनचा सुमारे 4 अंश, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचा 20 अंशांच्या आसपास. पत्र्याच्या छताखाली एप्रिलच्या दुपारी काय तापमान असते ते सांगायला नको. या वाफा हवेपेक्षा जड असतात. त्या वर उडून जात नाहीत. जमिनीलगत सरपटत कोपऱ्यातल्या स्विचपर्यंत, फोर्कलिफ्टच्या चार्जरपर्यंत किंवा शेडबाहेर चहा उकळणाऱ्या स्टोव्हपर्यंत जातात. छताला एक्झॉस्ट पंखा लावून निर्धास्त झालेल्या मालकाने तळाशी झरोका ठेवलेलाच नसतो. टोल्युइनची वाफ हवेत जेमतेम सव्वा टक्का असली तरी ठिणगीला पुरेशी होते. म्हणूनच भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप घातक. त्यात द्रव नसतो, वाफ आणि हवा असते. तेच पिंप भंगारवाला गॅसकटरने कापायला घेतो.

आणि अशी गोदामे म्हणजे केवळ रसायनांची गोदामे नव्हेत. भिवंडीसारख्या ठिकाणी एकाच छताखाली परफ्यूम, नेलपॉलिश रिमूव्हर, डिओचे डबे, सॅनिटायझर आणि पुठ्ठ्याची खोकी असू शकतात. मालकाच्या लेखी तो ‘जनरल माल’. तापलेला डिओचा डबा फुटून रॉकेटसारखा उडतो आणि आग दुसऱ्या कप्प्यात नेऊन टाकतो.

मुंबईला हा धडा 14 एप्रिल 1944 रोजी मिळाला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. कापूस पेटला, आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान स्फोटांत गेले. अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. अलीकडे, 12 ऑगस्ट 2015 च्या रात्री, चीनमधल्या तिआनजिन बंदरातल्या गोदामात उन्हाळ्यात कोरडे पडलेले नायट्रोसेल्युलोज आपोआप पेटले आणि आग अमोनियम नायट्रेटपर्यंत पोहोचली. 165 मृत, 8 बेपत्ता. त्यांत बहुसंख्य अग्निशामक दलाचे. आत काय साठवले आहे याची पुरती कल्पना आधी पोहोचलेल्या तुकड्यांना नव्हती. जून 2022 मध्ये बांगलादेशातल्या सीताकुंड येथील कंटेनर डेपोत पुन्हा तेच घडले. जवान नेहमीची आग समजून पाणी मारत होते, कंटेनरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखम धुवायला रुग्णालयात वापरतात तेच, फक्त कितीतरी तीव्र. ते स्वतः पेटत नाही. आगीला ऑक्सिजन पुरवते.

तिन्ही ठिकाणी विझवायला गेलेली माणसे मेली. अग्निरोधक नळकांडी कमी पडली म्हणून नव्हे. तरी आपल्याकडे तपासणी म्हणजे नळकांड्यावरची तारीख पाहणे. नळकांडे हवेच, पण धोका ठरतो तो किती माल, कशाशेजारी ठेवला, पिंपातून ओतताना अर्थिंग जोडले का आणि रात्री आत कोण झोपते यावर.

माहिती नसते असेही नाही. घातक रसायनांच्या 1989 च्या नियमांनुसार रसायनाबरोबर सुरक्षा माहितीपत्रक असावे लागते. त्यात एक भाग प्रथमोपचाराचा असतो, एक आग विझवण्याचा. डॉक्टरला आणि फायरमनला हवे ते एवढेच. पण ते पत्रक बहुधा इंग्रजीत आणि हेड ऑफिसच्या फाइलमध्ये असते. दुसरीकडे, ठरावीक रकमेवरच्या मालाला ई-वे बिल लागते. त्यावर मालाचा कोड, प्रमाण आणि पोहोचवण्याचा पत्ता असतो. म्हणजे कोणत्या गोदामाकडे काय निघाले हे कराच्या संगणकाला कळते आणि पाण्याच्या बंबावर बसलेल्या माणसाला कळत नाही. हे दोन टोके जोडण्यासाठी नवा कायदा कशाला हवा? ज्वलनशील मालाच्या कोडची नोंद त्या पत्त्यासह जवळच्या अग्निशामक केंद्राला आपोआप गेली तरी पुष्कळ झाले. तिथून ती रुग्णालयाला एका फोनवर मिळेल.

ते होईपर्यंत गोदामवाल्याने एक काम करावे. रोज संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी कोणत्या रांगेत काय आणि किती आहे, हे एका पानावर मराठी आणि हिंदीत लिहावे, सोबत माहितीपत्रकांचा गठ्ठा ठेवावा आणि हे सारे पत्र्याच्या लाल पेटीत घालून गेटवर लावावे. एक प्रत वॉचमनच्या मोबाइलवर असावी, म्हणजे रुग्णवाहिकेबरोबर ती पाठवता येईल. पेटी गेटवरच हवी. आतल्या ऑफिसातली यादी आग लागल्यावर आणायला कोणी जाऊ शकत नाही.