पत्त्याआडचा विनोद

चारचौघांत जे उच्चारता येत नाही ते मित्रांच्या बैठकीत मोकळेपणाने उच्चारता यावे, ही माणसाची जुनी हौस आहे. महाराष्ट्रात शिमग्याने या हौसेला वर्षातून काही दिवसांची मोकळीक दिली. अमेरिकेत एका पत्त्यांच्या खेळाने ती बारमाही करून टाकली. 'कार्ड्‌स अगेन्स्ट ह्युमॅनिटी' असे या खेळाचे नाव. तो वाईट माणसांसाठी आहे, असे त्याच्या पेटीवरच बजावलेले असते. एवढ्या प्रामाणिकपणाने विकल्या जाणाऱ्या वस्तू बाजारात थोड्याच!

खेळाची रीत अगदी सोपी आहे. काळ्या पत्त्यावर एखादा प्रश्न किंवा गाळलेली जागा असलेले वाक्य छापलेले असते. त्या जागी घालावयाचे शब्द पांढऱ्या पत्त्यांवर असतात. प्रत्येकाच्या हाती दहा पांढरे पत्ते. डावागणिक एकजण 'झार' होतो व काळा पत्ता वाचतो. इतरांनी आपला एकेक पांढरा पत्ता पालथा घालून त्याच्या हवाली करावयाचा. झाराने ते पिसून मोठ्याने वाचावयाचे आणि त्यास अधिकात अधिक हसविणाऱ्या पत्त्याला विजयी ठरवावयाचे. पहिला झार कोण, हे सर्वांत अलीकडे शौचास कोण जाऊन आले यावरून ठरते! खेळाची अभिरुची या नियमावरूनच ध्यानात यावी. १९९९ मध्ये निघालेल्या 'ॲपल्स टू ॲपल्स' या घरगुती खेळाची रीतही बरीचशी अशीच आहे. फरक आहे तो शब्दांचा. तेथे मुलाबाळांत चालेल असा मजकूर असतो; येथे लैंगिक व्यवहार, मृत्यू, रोग, धर्म आणि वंश यांपैकी काहीच वर्ज्य नाही.

शिकागोनजीकच्या हायलंड पार्क येथील शाळेत एकत्र शिकलेल्या आठ मित्रांनी नववर्षाच्या पूर्वसंध्येच्या मेजवानीसाठी हा खेळ रचला. पुढे तो छापण्यासाठी त्यांनी चार हजार डॉलरची लोकवर्गणी मागितली. जमले पंधरा हजारांहून अधिक. २०११ मध्ये खेळ बाजारात आला आणि पाहता पाहता महाविद्यालयीन वसतिगृहांत व तरुणांच्या घरोघरच्या बैठकींत जाऊन बसला.

या खेळाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सभ्यतेच्या ओझ्याखाली दिवसभर वाकलेल्या माणसाला संध्याकाळी ते क्षणभर खाली ठेवावेसे वाटले, तर त्यात पाप नाही. शिवाय अशा वेळी हसू पुष्कळदा पत्त्यावरील शब्दांचे नसतेच. ते शब्द एखाद्या गंभीर मित्राच्या तोंडून ऐकावे लागतात, याचे ते हसू असते. नीतीच्या नावाने अशा खेळावर कोरडे ओढणे म्हणूनच व्यर्थ आहे.

खरा प्रश्न अश्लीलतेचा नसून जबाबदारीचा आहे. मित्राने मित्राची थट्टा केली तर ती त्याची स्वतःची असते. ती अंगाशी आली तर माफी मागण्याची पाळीही त्याच्यावरच येते. येथे मात्र शब्द छापखान्याचे, पत्ता पालथा आणि वाचणारा झार! मग जे बोलले गेले ते कोणाचे? जो तो म्हणू शकतो, 'मी कोठे बोललो? माझ्या हाती तोच पत्ता आला.' आणि बैठकीत ज्याच्या जातीचा, वर्णाचा वा व्यंगाचा उल्लेख त्या पत्त्यावर असेल, त्या एकट्याची स्थिती काय? तो हसला नाही तर रसभंग करणारा ठरतो, म्हणून तोही हसतो. बाकीच्यांचे हसू ऐच्छिक असते, त्याचे सक्तीचे.

ही शंका केवळ बाहेरच्यांची नव्हे. तृतीयपंथीयांची टवाळी करणारा एक पत्ता निर्मात्यांनी पुढे खेळातून काढून टाकला आणि २०१४ मध्ये त्यांच्यापैकी एकाने त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. २०२० मध्ये याच कंपनीतील वंशभेदी व स्त्रीद्वेष्ट्या वातावरणाविषयी माजी कर्मचाऱ्यांनी आरोप केले आणि एका संस्थापकाला कंपनीतून बाजूला व्हावे लागले. ज्यांनी विनोदाला कसलीच सीमा नाही असे मानून आरंभ केला, त्यांनाच ती आखावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे.

या मंडळींच्या ज्या खोड्यांचे कौतुक झाले, त्यांचा रोख मात्र निराळा होता. वर्षाअखेरच्या खरेदीच्या उन्मादाची चेष्टा म्हणून २०१५ मध्ये त्यांनी ग्राहकांस पाच डॉलरला 'काहीच नाही' विकले आणि त्यावर सत्तर हजारांहून अधिक डॉलर मिळविले. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या नियोजित भिंतीच्या मार्गात अडथळा आणण्यासाठी लोकांच्या पैशातून त्यांनी टेक्सासच्या सीमेवर जमीन घेतली आणि २०२४ मध्ये त्याच जमिनीवरील अतिक्रमणाबद्दल स्पेसएक्स या बलाढ्य कंपनीवर दावा लावला. या खोड्यांबद्दल त्यांना खेद व्यक्त करावा लागल्याचे दिसत नाही. बलवंताची टोपी उडविणाऱ्या विनोदाला धाडस लागते. आधीच वाकलेल्याच्या पाठीवर थाप मारणाऱ्या विनोदाला काहीच लागत नाही.

तेव्हा खेळ मोडीत काढण्याचे कारण नाही. या खेळाच्या बैठकीत नको वाटणारा पत्ता कोणासही न विचारता बाजूला ठेवता येतो, आणि पुष्कळ जण तसे करतातही. एवढे सौजन्य पाळले तर वाह्यात विनोदालाही मैत्रीत जागा राहील. वर्गात असो, कचेरीत असो वा वसतिगृहाच्या खोलीत, कसोटी एकच आहे: ज्याच्यावर सारे हसले, तो उद्याही त्याच बैठकीत आपण होऊन येऊन बसेल काय?