आणि क्रिस्टीन कुठे होती?

मैत्रिणींनो, गेली सात-आठ वर्षं मी शिबिरांमधून एक गोष्ट सांगत आले आहे. दक्षिण आफ्रिका, १९८५ साल, केप टाऊनचं बॅक्स्टर थिएटर. नाटक स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली'. मालकाची मुलगी ज्युली झाली होती सँड्रा प्रिन्सलू, आफ्रिकान्स रंगभूमीवरची नावाजलेली गोरी अभिनेत्री. घरातला नोकर झाला होता जॉन कानी, काळा नट. रंगमंचावर त्या दोघांनी चुंबन घेतलं आणि कितीतरी गोरे प्रेक्षक उठून चालते झाले. कानीने हे नंतर अनेकदा सांगितलं आहे. सँड्राला धमक्या आल्या. इथे मी जरा थांबायची आणि म्हणायची, "बघा, एका बाईने काय हिंमत केली!" टाळ्या पडायच्या.

मागच्या शिबिरात पडल्या नाहीत. घरकामगार बायकांची संघटना बांधणाऱ्या एक ताई मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "नाटकात आणखी कोण होतं?" मी म्हटलं, स्वयंपाकीण, क्रिस्टीन. "ते काम कुणी केलं?" मला सांगता येईना. माझी एम.एस.डब्ल्यू.ची पदवी, सगळी टिपणं, सगळं तिथल्या तिथे गळून पडलं. परत आल्यावर शोधलं. ते काम नाटी रूलाने केलं होतं. काळी अभिनेत्री. तिघांच्या नाटकातल्या एका बाईचं नावच मी इतकी वर्षं घेतलं नव्हतं.

नाटकात क्रिस्टीनचं त्या नोकराशी लग्न ठरल्यासारखंच असतं. मालकीण त्याला नाचायला ओढून नेते तेव्हा ही चुलीजवळ राबून राबून पेंगते. आता हे दक्षिण आफ्रिकेत नेऊन पाहा. तिथल्या गोऱ्या घरांतलं स्वयंपाकघर काळ्या बाईच्याच जिवावर चालायचं. ती मागच्या अंगणातल्या खोलीत राहायची, तिची पोरं दूर राखीव भागात आजीकडे वाढायची, आणि शहरात पाय ठेवायचा तर पास लागायचा. पासचे कायदे रद्द झाले ते १९८६ साली, म्हणजे या प्रयोगानंतर. चुंबन पाहून चिडलेल्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांच्या घरी त्या रात्री अशीच एखादी क्रिस्टीन भांडी घासत असेल. तिला पाहून कोण उठून जाणार?

ते प्रेक्षक नेमके कशाने उठले, हे आपण नीट विचारलंच नाही. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रीपुरुषांच्या संबंधांवर तिथे १९२७ पासून कायद्याने बंदी होती. १९४९ साली लग्नावरही बंदी आली, १९५० साली आधीचा कायदा आणखी कडक झाला. हे सगळं रद्द झालं १९८५ मध्ये, म्हणजे नाटकाच्याच वर्षी. कायदा गेला पण मनं तिथेच राहिली, हे खरं. पण गोरा मालक काळ्या मोलकरणीच्या खोलीत जातो, हे त्या समाजाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्यावर कुणी उठून गेलं नाही. बोभाटा झाला तो गोऱ्या बाईने आपण होऊन काळ्या पुरुषाला जवळ घेतल्यावर. योनिशुचिता जपायची ती फक्त मालकाच्या जातीच्या बाईची. बाकीच्या बायकांना शुचिता असते असं कुणी मानलेलंच नसतं. हे आपल्याला परकं आहे का? सवर्ण मुलगी दलित मुलाबरोबर गेली की गाव पेटतं. पाटलाच्या वाड्यावर दलित बाईची अब्रू लुटली गेली, तर त्याला कुणी आंतरजातीय म्हणत नाही.

माझी एक सहकारी चिडली. म्हणाली, "एक बाई धाडस करते आणि तू तिच्यातच खोट काढतेस." खोट काढत नाही गं. पण तिचं सगळं आयुष्य एका चुंबनात कोंबून आपण तिच्यावरही अन्यायच करतोय.

सँड्रा जन्मली १९४७ साली. पुढच्याच वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णद्वेष हेच राज्याचं धोरण झालं. ती नाटक शिकली प्रिटोरिया विद्यापीठात. १९६३ पासून सरकारने प्रांतवार नाट्यमंडळं काढली आणि गोऱ्यांच्या नाटकाला भरपूर पैसा दिला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र नाटक करायलाही बंदी होती आणि एकत्र बसून पाहायलाही. ती वर आली ती याच व्यवस्थेतून, आणि ज्या भाषेत वर आली त्या भाषेच्या सक्तीविरुद्ध १९७६ साली सोवेटोच्या शाळकरी पोरांनी गोळ्या झेलल्या. (ती भाषा तरी निखळ गोऱ्यांची कुठे होती? गुलाम आणि खोईखोई लोकांच्या तोंडी ती घडली. केपच्या मुसलमानांनी ती अरबी लिपीत लिहिली. सत्ताधाऱ्यांनी ती स्वतःच्या नावावर करून घेतली.) १९८० च्या 'द गॉड्स मस्ट बी क्रेझी' या सिनेमाची नायिकाही तीच. आपल्यापैकी काहीजणी तो पाहून हसल्या असतील. सान लोकांना भाबडी लेकरं म्हणून दाखवणारा आणि वर्णद्वेषाचं नावही न घेणारा हा सिनेमा जगभर चालला, आणि त्यावर टीकाही झाली. पाचच वर्षांनी हीच बाई बॅक्स्टरच्या रंगमंचावर उभी राहिली. विशेषाधिकारातून आलेली बाईसुद्धा एखाद्या दिवशी आपल्याच प्रेक्षकांना नको तिथे उभी राहू शकते. मला तिच्यात रस आहे तो यामुळे.

आणि भूमिका तरी कुठली? स्ट्रिंडबर्गने प्रस्तावनेत ज्युलीला 'अर्धी बाई' म्हणून हिणवलंय. शेवटी नोकर तिच्या हाती वस्तरा देतो आणि ती मरायला बाहेर जाते. शिक्षा बाईलाच. चुंबनाची गोष्ट सांगताना हा वस्तरा मी नेहमी गाळत आले.

तिचं पुढचं काम आपण पाहायला हवं. 'दी नाईमशीन', म्हणजे शिवणयंत्र, हे रशेल ग्रीफचं आफ्रिकान्स एकपात्री. त्यात ती वृद्धाश्रमातली म्हातारी होते, आयुष्यभर साथ दिलेलं शिवणयंत्र सोडताना बोलत राहणारी. शिवणयंत्रावर घर चालवलेल्या बायका आपल्या प्रत्येक गटात आहेत. त्यांना कुणी भाषांतर करून हे ऐकवेल का? आणि सत्तरी ओलांडल्यावर तिने एकटीने केलं 'काम्पहूर'. बोअर युद्धात ब्रिटिशांच्या छावणीत बलात्कार झालेल्या बोअर मुलीची ही गोष्ट. त्या छावण्यांत २६ हजारांच्या वर बोअर बायका-मुलं मेली. त्यांचं स्मारक ब्लूमफाँटेनला १९१३ पासून उभं आहे आणि आफ्रिकानेर राष्ट्रवाद त्याच्यावरच पोसला. सोसणारी, मरणारी आई स्मारकावर चालते. बलात्कार होऊन जगलेली, बोलणारी बाई चालत नाही. काळ्यांसाठीही वेगळ्या छावण्या होत्या. तिथले हजारो मेलेले कितीतरी दशकं कुणी धड मोजलेही नाहीत.

म्हणजे तिथेही क्रिस्टीन आहेच.

पुढच्या शिबिरासाठी मी नाटी रूलाबद्दल मिळेल ते गोळा करते आहे. सापडतंय फार थोडं. त्या ताईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "जे सापडलं नाही तेही सांगा. आमच्या बायका त्यावर बोलतील."