विश्लेषण : पार्लर, नवाल्नी, आइसब्लॉक… ॲप हटवण्याची कळ नेमकी कोणाच्या हाती?

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील ट्रम्प समर्थकांमध्ये लोकप्रिय असलेले ‘पार्लर’ हे ॲप दोन-तीन दिवसांत इंटरनेटवरूनच दिसेनासे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रशियातील विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्या गटाचे ॲप ऐन मतदानाच्या दिवशी हटवले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या मागणीनंतर ‘आइसब्लॉक’ हे ॲप गेले. तिन्ही ॲपची विचारसरणी वेगळी आणि त्यांच्यावरील दबावही वेगळा. मात्र निर्णय अमलात आला तो अॅपल आणि गूगल या दोन कंपन्यांच्या दारातच. या अधिकाराला अभिव्यक्ती स्वातंत्र्याची गळचेपी म्हणायचे की खासगी कंपनीचा व्यावसायिक निर्णय?

पार्लरबाबत काय घडले?

६ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थकांच्या जमावाने अमेरिकी संसदेच्या कॅपिटॉल इमारतीवर हल्ला केला. ८ जानेवारीला ट्विटरने ट्रम्प यांचे खाते कायमचे बंद केले. त्याच दिवशी गूगलने पार्लरला प्ले स्टोअरमधून निलंबित केले. अॅपलने मजकुरावर नियंत्रण ठेवण्याची योजना सादर करण्यासाठी २४ तासांची मुदत दिली आणि ९ जानेवारीला ॲप हटवले. १० जानेवारीला मध्यरात्रीच्या सुमारास ॲमेझॉनच्या क्लाऊड विभागाने सर्व्हरची सेवा थांबवली आणि पार्लर पूर्ण बंद पडले.

हिंसेला चिथावणी देणाऱ्या ९८ पोस्ट आधीच्या काही आठवड्यांत निदर्शनास आणूनही पार्लरने पुरेशी कारवाई केली नाही, असे ॲमेझॉनचे म्हणणे होते. पार्लरने सिएटलच्या न्यायालयात धाव घेतली. पण २१ जानेवारीला न्यायाधीश बार्बरा रोथस्टीन यांनी सेवा पुन्हा सुरू करण्याचा अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून संकेतस्थळ परतले. अॅपलच्या स्टोअरमध्ये ॲप मे २०२१ मध्ये आले, तर गूगलच्या स्टोअरमध्ये यायला सप्टेंबर २०२२ उजाडले. तोपर्यंत वापरकर्ते पांगले होते. एप्रिल २०२३ मध्ये नव्या मालकाने पार्लर बंद केले.

ॲप ‘हटवले’ म्हणजे तांत्रिकदृष्ट्या काय होते?

स्टोअरमधून हटवलेले ॲप आधीपासून ज्यांच्या फोनमध्ये असते, त्यांच्याकडे ते सहसा तसेच राहते. पण नवीन व्यक्तीला ते घेता येत नाही आणि जुन्यांना अपडेट मिळत नाही. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम बदलत जाते, सुरक्षेतील त्रुटी बुजवल्या जात नाहीत आणि ॲप हळूहळू निकामी होते.

अँड्रॉइड फोनवर स्टोअरला वळसा घालून ‘एपीके’ फाइलमधून ॲप बसवता येते. अर्थात, धोक्याचे इशारे ओलांडून तिथवर जाणारे थोडेच असतात. युरोपसारखे अपवाद वगळता आयफोनवर सामान्य वापरकर्त्याला तीही सोय नाही.

स्टोअरच्या खाली क्लाऊडचा थर असतो. पोस्ट, छायाचित्रे, खाती हे सारे भाड्याच्या सर्व्हरवर साठवलेले असते. त्याखाली डोमेन नाव आणि सायबर हल्ल्यांपासून संरक्षण देणाऱ्या सेवा येतात. पार्लरबाबत स्टोअर आणि क्लाऊड हे दोन्ही थर जवळपास एकाच वेळी निघून गेले. त्यामुळे ज्यांच्या फोनमध्ये ॲप होते, त्यांच्याकडेही उरला तो फक्त रिकामा सांगाडा. एखाद्याची पोस्ट काढणे आणि संपूर्ण व्यासपीठ पाडणे यातला फरक इथे कळतो. दुसऱ्या प्रकारात नियम मोडणाऱ्यांबरोबर न मोडणाऱ्या प्रत्येकाचे बोलणेही बंद होते.

नवाल्नी यांनी कोणता इशारा दिला होता?

ट्रम्प यांचे खाते बंद झाल्यावर टीका करणाऱ्यांत सगळेच त्यांचे समर्थक नव्हते. जर्मनीच्या तत्कालीन चॅन्सेलर अँगेला मर्केल यांच्या प्रवक्त्याने कायमस्वरूपी बंदीचा हा निर्णय ‘समस्यात्मक’ असल्याचे म्हटले. अभिव्यक्तीच्या मर्यादा कायद्याने ठराव्यात, कंपन्यांच्या व्यवस्थापनाने नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. विषप्रयोगातून बरे होत असलेले नवाल्नी तेव्हा जर्मनीतच होते. ही कारवाई म्हणजे अस्वीकारार्ह सेन्सॉरशिप असून, जगभरातील अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे शत्रू तिचा दाखला म्हणून वापर करतील, असे त्यांनी ट्विटरवर लिहिले होते.

आठ महिन्यांत त्याचा प्रत्यय त्यांच्याच सहकाऱ्यांना आला. नवाल्नी तेव्हा रशियात तुरुंगात होते. त्यांच्या गटाचे ‘स्मार्ट व्होटिंग’ हे ॲप प्रत्येक मतदारसंघात सत्ताधारी ‘युनायटेड रशिया’ पक्षाच्या उमेदवाराला हरवण्याची सर्वाधिक शक्यता असलेला उमेदवार सुचवत असे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी संसदेच्या निवडणुकीचे मतदान सुरू झाले आणि त्याच दिवशी अॅपल व गूगलने ते ॲप रशियातील स्टोअरमधून काढले. नवाल्नी यांच्या संघटनांना रशियन न्यायालयाने आधीच ‘अतिरेकी’ ठरवले होते, त्यामुळे ॲपमधील मजकूर स्थानिक कायद्यानुसार बेकायदा, असे कारण देण्यात आले. रशियातील कर्मचाऱ्यांवर फौजदारी कारवाईची धमकी दिली गेल्याचे वृत्त अमेरिकी माध्यमांनी दिले.

पार्लर आणि नवाल्नी यांची तुलना राजकीयदृष्ट्या होऊ शकत नाही. एका ठिकाणी कंपन्यांनी स्वतःच्या नियमांच्या आधारे निर्णय घेतला, दुसऱ्या ठिकाणी सरकारने हात पिरगळला. पण यंत्रणा एकच होती. कंपनीच्या मर्जीने बंद होऊ शकणारे दार सरकारच्या दबावानेही तितक्याच सहज बंद होते.

सरकारे या दाराचा वापर कसा करतात?

ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनकाळात पोलिसांची ठिकाणे नकाशावर दाखवणारे ‘एचकेमॅप लाइव्ह’ हे ॲप अॅपलने हटवले. त्याआधी चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या मुखपत्राने अॅपलवर टीका केली होती. ॲपमुळे पोलिसांना लक्ष्य केले जात असल्याचे अॅपलने सांगितले.

सहा वर्षांनी जवळपास तोच युक्तिवाद अमेरिकेत ऐकू आला. ‘आइसब्लॉक’ हे ॲप स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या ‘आइस’ या यंत्रणेचे अधिकारी परिसरात कुठे दिसले, याची माहिती वापरकर्त्यांना देत असे. अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल पॅम बॉन्डी यांच्या न्याय विभागाने मागणी केल्यानंतर २ ऑक्टोबर २०२५ रोजी अॅपलने ते काढले. अधिकाऱ्यांच्या सुरक्षेला धोका असल्याची माहिती यंत्रणांकडून मिळाल्याचे कारण कंपनीने दिले. ॲप बनवणाऱ्याने डिसेंबरमध्ये सरकारविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला.

टिकटॉकविषयीच्या अमेरिकी कायद्यातही याच दारावर बोट ठेवलेले दिसते. त्यातील दंड टिकटॉक वापरणाऱ्यांना नाही, तर ते ॲप ठेवणाऱ्या स्टोअरला आणि सर्व्हर पुरवणाऱ्या कंपन्यांना आहे, आणि तोही प्रति वापरकर्ता ५ हजार डॉलरपर्यंत. कोट्यवधी लोकांना रोखण्यापेक्षा दोन-चार कंपन्यांना रोखणे सोपे असते.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी कंपनीला नाही. उलट, काय दाखवायचे आणि काय नाही हे ठरवणे हा समाजमाध्यमांच्याच अभिव्यक्तीचा भाग ठरू शकतो, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ‘मूडी विरुद्ध नेटचॉइस’ प्रकरणात म्हटले. मात्र त्याआधी मे २०२४ मध्ये ‘एनआरए विरुद्ध वुलो’ या खटल्यात न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले, की सरकारी अधिकारी त्रयस्थ कंपनीवर जबरदस्ती करून कोणाची अभिव्यक्ती दडपू शकत नाहीत. कंपनीने स्वेच्छेने केले तर ते वैध आणि सरकारने जबरदस्तीने करवले तर घटनाबाह्य, असा हा फरक आहे. अडचण पुराव्याची असते. विनंती कुठे संपली आणि धमकी कुठे सुरू झाली, हे बंद दाराआड घडते.

भारतात घटनेचे कलम १९ (१) (अ) प्रामुख्याने शासनसंस्थेविरुद्ध संरक्षण देते. जानेवारी २०२३ मध्ये ‘कौशल किशोर’ प्रकरणात घटनापीठाने बहुमताने कलम १९ आणि २१ मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले. पण ॲप स्टोअरविरुद्ध सामान्य नागरिकाने त्याचा वापर नेमका कसा करायचा, याची वाट अद्याप मळलेली नाही.

भारतातील अनुभव काय?

सरकारकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ अ आहे. गलवान संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर याच कलमाखाली बंदी आली. श्रेया सिंघल प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले, ते आदेशाची कारणे लेखी नोंदवण्यासारख्या संरक्षक तरतुदींमुळे. प्रत्यक्षात २००९ च्या नियमांतील गोपनीयतेच्या तरतुदीवर बोट ठेवून हे आदेश सहसा जाहीर होत नाहीत. याशिवाय कलम ७९ (३) (ब) खाली ‘सहयोग’ पोर्टलवरून मजकूर हटवण्याच्या सूचना दिल्या जातात. त्याविरुद्धची ‘एक्स’ कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

कंपन्यांच्या ताकदीची चुणूकही भारताने पाहिली आहे. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने मुंबईतील शादी डॉट कॉमसह भारत मॅट्रिमनी, नोकरी डॉट कॉम, ९९ एकर्स आदी भारतीय ॲप प्ले स्टोअरमधून काढली. सरकारने हस्तक्षेप केल्यावर काही दिवसांतच ती परतली. हा वाद अभिव्यक्तीचा नव्हता, पैशांचा होता. पण लाखो ग्राहक असलेल्या कंपन्यांना थेट मंत्रालयाचे दार ठोठवावे लागले. एखाद्या लहान गावातील बातम्यांचे किंवा एखाद्या चळवळीचे ॲप गेले, तर त्यांच्यासाठी मंत्री धावून येतीलच असे नाही.

मग हटवण्याचा अधिकारच काढून घ्यावा का?

तसे करणे घातक ठरेल. कर्ज देण्याच्या नावाखाली फोनमधील संपर्क यादी चोरणारी, छायाचित्रांत फेरफार करून कर्जदाराची नातेवाइकांत बदनामी करणारी ॲप महाराष्ट्रातील अनेकांना ठाऊक आहेत. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० हून अधिक कर्ज ॲप हटवल्याची माहिती केंद्र सरकारने संसदेत दिली होती. हे काम न्यायालयाच्या तारखांवर सोडले असते, तर दरम्यान किती जण भरडले गेले असते याचा अंदाज करता येतो. हिंसेच्या थेट चिथावणीबाबतही तेच म्हणता येईल.

त्यामुळे हा अधिकार असावा की नाही, यापेक्षा तो वापरताना कोणती बंधने पाळावी लागतात, हा खरा मुद्दा आहे. कर्ज ॲप हटवताना फसवणुकीचा पुरावा दाखवता येतो. नवाल्नी यांचे ॲप हटवताना दाखवण्यासारखा होता तो फक्त एका सरकारचा आदेश.

उपाय काय असू शकतात?

युरोपीय संघाने दोन बाजूंनी सुरुवात केली आहे. फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या ‘डिजिटल सेवा कायद्या’नुसार मजकूर किंवा खाते हटवताना कारण कळवणे आणि दाद मागण्याची सोय देणे बंधनकारक आहे. ‘डिजिटल बाजारपेठ कायद्या’मुळे मार्च २०२४ पासून युरोपात आयफोनवर अॅपलखेरीज इतरांचे ॲप स्टोअरही वापरता येते. म्हणजे एक दार बंद झाले तरी दुसरे शिल्लक राहते.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडबाबत १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. मात्र इतरांच्या ॲप स्टोअरना प्ले स्टोअरमध्ये जागा देण्याचा आयोगाचा निर्देश रद्द केला. समाजमाध्यमांसह मध्यस्थ कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल, तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. पण ही समिती केंद्र सरकारच नेमते. खुद्द सरकारच्या सूचनेवरून मजकूर हटवला गेला असेल, तर तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हा प्रश्न उरतोच.

कमीत कमी तीन गोष्टींचा आग्रह धरता येईल. हटवण्याचे कारण लेखी आणि जाहीर असावे. मागणी सरकारकडून आली असेल तर तसे सांगितले जावे. आणि कंपनी व सरकार या दोघांपासून स्वतंत्र असलेल्या यंत्रणेकडे ठरावीक मुदतीत दाद मागता यावी. या तिन्हींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, कायद्याची तरतूद लागते. तोपर्यंत नावडते ॲप गेले म्हणून समाधान मानणाऱ्यांनी पार्लरनंतर आठ महिन्यांनी रशियात काय झाले, ते लक्षात ठेवायला हवे.