मुलगा किती तासांवर?

परवा शेजारच्या नानांना कुणीतरी विचारले, "मुलगा किती लांब असतो?" नाना हसून म्हणाले, "लांब कसला? रात्री मुंबईत विमानात बसायचं, सकाळी नेवार्कला उतरायचं!"

तिकिटावर तसेच छापलेले असते. रात्री एकला निघणे, सकाळी साडेसातला पोचणे. कागदावर साडेसहा तास! उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. ते मिळवा, म्हणजे खरे सोळा तास हाती येतात. सांगलीहून मुंबई गाठायचे आठ तास तर नाना धरतच नाहीत.

किलोमीटर विचाराल तर मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, गंमत वाटेल. दोरा पश्चिमेला न जाता थेट उत्तरेकडे चढतो. पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, फिनलंड, मग आइसलंडजवळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी आणि तिथून खाली. सर्वांत जवळची वाट हीच. पण विमानाला ती मिळेलच असे नाही. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमानांना आपले आकाश बंद केले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. ज्याची वाट मिटली त्याने वळसा घालायचा. त्यात वरचे जोरकस वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना जास्त वेळ आणि येताना तास-दीड तास कमी. किलोमीटर तेवढेच, तास मात्र बदलतात. म्हणून माझे म्हणणे, अंतर तासांतच सांगावे, आणि तेही या दारापासून त्या दारापर्यंत.

हा हट्ट उगाच नाही. वडील गेले ते रात्री साडेआठला. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे अकरा. धाकटा भाऊ फोनवर एवढेच म्हणाला, "मी निघतो, थांबा." ओसरीवर मामांनी मला विचारले, "किती वेळ लागेल?" मी म्हणालो, "पंधरा तास." विमानाचे तेवढेच तर होते!

त्याच संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली हे नशीब. तरी विमान सुटेपर्यंत दहा तास, हवेत साडेचौदा, मुंबईत सामान येईपर्यंत तास-सव्वा तास, पुढे मोटारीचे आठ. तो दारात आला तेव्हा चौतीस तास झाले होते. तोवर बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या. चूल पेटली नव्हती. ऐंशीची आई दोन दिवस चहावर खुर्चीत बसून होती, आणि मी दर तासाला मामांना नवा आकडा सांगत होतो. भावाचा यात काय दोष? माझाही नसावा. पण थांबायचे की नाही, हे आम्ही त्या रात्री, रडत्या घरात ठरवायला बसलो, ही मात्र आमची चूक. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी हे आधी बोलून घ्यावे. अभद्र वाटले तरी बोलावे.

आमच्या आईने ते केले. वर्षश्राद्धाला भाऊ आला होता. जेवणे झाल्यावर ती त्याला म्हणाली, "माझ्या वेळी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. तू सावकाश ये, दहाव्याला पोच." भाऊ काही बोलला नाही. बराच वेळ सुपारी कातरत बसला आणि मग मला विचारले, "कोल्हापूरहून मुंबईचं विमान किती वाजता असतं रे?"