भुताच्या मागावर

भुताचा शोध म्हटला कीं अमावास्येची रात्र, पडका वाडा आणि कंदील घेऊन निघालेला एखादा धाडसी वीर असें चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. हा उद्योग हौसेनें करणारे लोक मात्र निराळीच हकीकत सांगतील. त्यांचा बहुतेक काळ एस. टी. च्या थांब्यावर गाडीची वाट पाहण्यांत आणि परक्यांच्या ओसरीवर तेच प्रश्न पुनः पुनः विचारण्यांत जातो. कंदिलापेक्षां वही-पेन्सिलीचाच उपयोग अधिक.

पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. त्याच सालीं नागपुरास अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन झाली. पुढें १९८९ सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति उभारली. अशा संस्थांच्या कार्यकर्त्यांस या भागांत बोलावणें येतें तें मुख्यतः भानामतीसाठीं. घरावर दगड पडतात, दोरीवरचीं लुगडीं पेट घेतात, शिजल्या अन्नांत घाण निघते, मुलीच्या अंगावर फुल्या उमटतात.

फुल्यांस बिब्याचें तेल पुरतें. पिवळा फॉस्फरस सुमारें ३० अंशांवर हवेंत आपोआप पेटतो, आणि चांद्याच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पण साधन कळलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. घरांतील प्रत्येकास एकेकटें बसवून त्याचें म्हणणें ऐकावयाचें. कोणता प्रकार केव्हां घडला व त्या वेळीं कोण कोठें होतें, याचा तक्ता मांडावयाचा. दर वेळीं जवळपास असणारें माणूस बहुधा एकच निघतें. तें लबाडच असतें असें नाहीं. पुष्कळदां ती शाळेंतून काढलेली मुलगी असते, किंवा सासरीं तोंड उघडण्याची सोय नसलेली सून. जें बोलतां येत नाहीं तें ती दगडांकरवीं बोलते. म्हणून तिचें नांव चारचौघांत फोडावयाचें नसतें. तिच्याशीं एकांतांत बोलून, घरच्यांस समजावून, प्रसंगीं मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडून प्रकार थांबवावयाचा, आणि डंका न वाजवितां परतीची गाडी धरावयाची.

या श्रमांचा मोबदला म्हणजे वाटेवरचा मुलूख. चामोर्शीहून थोडी वाट वांकडी केली कीं मार्कंडा लागतें. येथें वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या कांठीं शिल्पांनीं भरलेलीं देवळें उभीं आहेत. १८७३-७४ च्या दौऱ्यांत कनिंगहॅमसाहेबांनीं त्यांची दखल घेतली होती. पुढें आलापल्लीच्या सागवनाची सावली, मोहफुलांचा वास, टेंभराचीं पिकलीं फळें, आणि सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळणाऱ्या प्राणहितेचें विशाल पात्र. भुताच्या निमित्तानें पदरांत पडणारें धन एवढेंच.

हा सारा रिकामपणाचा छंद वाटत असेल, तर दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. जेथें वहीवाला वेळेवर पोंचत नाहीं, तेथें गांव आपला शोध आपणच लावतें, आणि तो शोध एखाद्या जिवंत माणसापाशीं येऊन थांबतो. ऑगस्ट २०२१ मध्यें जिवती तालुक्यांतील वणी (खुर्द) येथें भानामतीच्या संशयावरून सात जणांस भर चौकांत बांधून मारण्यांत आलें; त्यांत वृद्ध होते, स्त्रिया होत्या. मे २०२४ मध्यें एटापल्ली तालुक्यांतील बार्सेवाडा येथें जादूटोण्याच्या संशयानें एका स्त्रीस व एका वृद्धास जाळण्यांत आलें. अटक झालेल्यांत त्या स्त्रीचा पति व पुत्रही होते. २०१३ सालीं, दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यांत सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु कायद्याचें पाऊल बहुधा घडून गेल्यावर पडतें.

आमच्या वाचकांच्या घरीं भानामती होत नसेल. पण सुनेच्या पायगुणानें दुकान बसलें, हे शब्द माजघरांत कधींच ऐकूं आले नाहींत असें किती घरांना म्हणतां येईल? तसे शब्द पुन्हा कानीं पडले तर भिंतीवरचें कॅलेंडर खालीं घ्यावें, दुकानाची खतावणी काढावी, आणि सर्वांदेखत तक्ता मांडावा: नुकसान कोणत्या महिन्यांत सुरू झालें, आणि सून कोणत्या महिन्यांत आली.