हल्ला नेमका कोणी केला होता?

बफेलो बिलविषयी लिहिणारे बहुतेक जण दोनांपैकी एक वाट धरतात. एका वाटेवर तो अमेरिकेच्या पश्चिमेचा शूर शिलेदार असतो : शिकारी, लष्कराचा वाटाड्या, आणि पुढे त्याच अनुभवांचा खेळ घेऊन जग हिंडणारा अवलिया. दुसऱ्या वाटेवर तो नुसता थापाड्या असतो, भोळ्याभाबड्या आदिवासींना सर्कशीत नाचवून गब्बर झालेला. माझं भांडण दोन्ही वाटांशी आहे. पहिली खोटी आहे, हे आता वेगळं सांगायला नको. दुसरी मात्र फार सोयीची आहे. ती धरली की या माणसाने केलेलं खरं नुकसान नजरेतून निसटतं.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. विल्यम फ्रेडरिक कोडी, जन्म १८४६, आयोवा. गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध बोलला म्हणून त्याच्या बापाला कॅन्ससमध्ये भोसकलं गेलं. तीन वर्षांनी बाप गेला आणि अकरा वर्षांचं पोर कामाला लागलं. पोनी एक्सप्रेसचा टपालस्वार होतो, असं तो पुढे सांगत असे. अनेक इतिहासकारांना ते पटत नाही. यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने होता. नंतर रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या मजुरांना मांस पुरवण्यासाठी त्याने बायसन मारले. तिकडे बायसनला बफेलो म्हणत, म्हणून हा बफेलो बिल. दीड वर्षात ४,२८० मारले, हा आकडा त्याचाच. १८६९मध्ये नेड बंटलाइन नावाच्या लेखकाने त्याला न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकातल्या कथेचा नायक केलं, आणि १८७२मध्ये हा पठ्ठ्या शिकागोच्या रंगमंचावर स्वतःचीच भूमिका करायला उभा राहिला. वय वर्षं २६. पुढची काही वर्षं हिवाळ्यात नाटक आणि उन्हाळ्यात लष्कराची वाटाडेगिरी, असा क्रम चालला.

१८७६च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्न नदीकाठी लकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा फडशा पाडला. तीन आठवड्यांनी, १७ जुलैला, नेब्रास्कातल्या वॉरबॉनेट क्रीकपाशी लष्कराची शायानांशी चकमक झाली. त्या दिवशी कोडीच्या अंगावर नाटकातला पोशाख होता : काळी मखमल, लाल पट्ट्या, चांदीची बटणं. त्याने यलो हेअर नावाच्या शायान योद्ध्याला मारलं, त्याच्या डोक्याची केसांसकट कातडी सोलली, आणि काही महिन्यांत याच प्रसंगाचं नाटक घेऊन तो दौऱ्यावर निघाला. जाहिरातीसाठी ती कातडी काचेमागे मांडली जाई.

‘त्याने इतिहासाचं नाटक केलं’ असं आपण सहज म्हणून जातो. क्रम नीट बघा. आधी पोशाख, मग खून, मग तिकीटविक्री. नाटक इतिहासाच्या आधीच येऊन बसलं होतं.

मे १८८३मध्ये ओमाहा शहरात ‘बफेलो बिल्स वाइल्ड वेस्ट’ सुरू झालं. नावात ‘शो’ हा शब्द नाही, आणि तो चुकून राहिलेला नाही. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या जॉन बर्कचा आग्रहच असे की हा खेळ नव्हे. हे प्रदर्शन आहे, शिक्षण आहे, प्रत्यक्ष घडलेलं आयुष्य आहे. कार्यक्रमपत्रिकेत लष्करी अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं छापलेली असत. घोडे खरे, बायसन खरे, टपालाची घोडागाडी खरी, लकोटा माणसं तर खरीच. इतकं सगळं खरं असल्यावर गोष्टही खरीच असणार, असं प्रेक्षकाच्या मनाने आपसूक धरावं, ही यातली युक्ती. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी तुम्ही मोबाइलवर रोज बघता. तिचा हा खापरपणजोबा.

आणि गोष्ट काय होती? बरीच वर्षं खेळाचा शेवट एकाच प्रसंगाने होत असे. रिंगणात एक लाकडी झोपडी. आत गोरं कुटुंब. घोड्यांवरून आरोळ्या ठोकत इंडियन येतात, झोपडीला वेढा घालतात, गोळीबार होतो. आता सगळं संपलं असं वाटत असतानाच बफेलो बिल आपले काऊबॉय घेऊन दौडत येतो. टाळ्या. त्याआधी वसाहतकऱ्यांच्या गाड्यांच्या तांड्यावर हल्ला झालेला असतो, डेडवुडच्या टपालगाडीवर हल्ला झालेला असतो. काही हंगामांत कस्टरचा मृत्यूही दाखवत. हल्ला दर वेळी एकाच बाजूने होतो, आणि बचाव दर वेळी दुसऱ्या.

ही डेडवुडची गाडी जरा थांबवू या, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यात बसलेला आहे. १८६८मध्ये फोर्ट लॅरमीच्या कराराने अमेरिकी सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटांचा म्हणून मान्य केला. गोऱ्यांनी तिथे वस्ती करायची नाही, असं लेखी ठरलं. १८७४मध्ये कस्टरची मोहीम त्या डोंगरांत घुसली आणि सोनं सापडल्याची बातमी घेऊन आली. हजारो लोक करार पायदळी तुडवत आत शिरले. १८७६मध्ये तिथे एक गाव उभं राहिलं. त्या गावाचं नाव डेडवुड.

म्हणजे ज्या गाडीवर ‘रानटी’ लोक हल्ला करतात आणि जिच्यातल्या निष्पाप प्रवाशांसाठी प्रेक्षकाचा जीव कासावीस होतो, ती गाडी निघाली होती बळकावलेल्या जमिनीवरच्या बेकायदा वस्तीकडे. रिंगणात हे कोणी सांगत नसे. १८८७मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा खेळ लंडनला गेला, तेव्हा युवराजासह युरोपातले चार राजे हौसेने त्या गाडीत बसले आणि इंडियनांच्या लुटुपुटूच्या हल्ल्याची मजा घेऊन उतरले. साम्राज्यं चालवणाऱ्या माणसांना तासभर आपणच बिचारे असल्याचं सुख मिळालं!

माझा आरोप हा आहे. कोडीने चार थापा मारल्या, हे किरकोळ. त्याने घुसखोराला घरमालक केलं आणि घरमालकाला दरोडेखोर. रिचर्ड व्हाइट या इतिहासकाराने ही उलथापालथ नेमकी पकडली आहे : जिंकणारेच स्वतःला बळी म्हणून मिरवू लागतात. एकदा ही गोष्ट मनात बसली की पुढचं काहीही स्वसंरक्षण म्हणून खपतं.

इथे नेहमीचा प्रतिवाद येतो. ‘अहो, करमणूक होती ती. लोक घोडे बघायला जायचे.’ करमणूक होती हे मला मान्यच आहे. अ‍ॅनी ओकलीची नेमबाजी बघायला मीही रांगेत उभा राहिलो असतो. पण ‘हे प्रत्यक्ष घडलेलं आयुष्य आहे’ असा डंका तुम्हीच पिटला होता ना? गर्दी जमवताना इतिहास आणि जाब विचारला की करमणूक, ही पळवाट मी देणार नाही. कोडीलाही नाही आणि आजच्या कुणालाही नाही.

दुसरा प्रतिवाद जास्त वजनदार आहे, आणि तो खराही आहे : कोडी आपल्या इंडियन कलाकारांना बरा वागवत असे. पगार देई, बायकापोरांना सोबत राहू देई. १८८५मध्ये सिटिंग बुल चार महिने त्याच्या खेळात होता, आठवड्याला ५० डॉलरवर. स्वतःचे फोटो विकायचा हक्कही त्याने स्वतःकडे ठेवून घेतला होता. करार करताना तो भोळाभाबडा नव्हता. ब्लॅक एल्क १८८६मध्ये सामील झाला तो गोऱ्यांचं जग स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, त्यातलं काही आपल्या लोकांच्या कामी येतंय का हे पाहावं म्हणून. १८९०मध्ये सरकारने या कलाकारांच्या हालांची चौकशी मांडली, तेव्हा ब्लॅक हार्ट नावाच्या लकोटाने वॉशिंग्टनमध्ये साहेबांना सुनावलं की आम्ही घोड्यावर वाढलो, आणि या लोकांनी आम्हाला आमचंच काम दिलं.

म्हणूनच ‘बिचाऱ्यांना नाचवलं’ हे वाक्य मला चालत नाही. ते कामगार होते, त्यांनी हिशेब केला होता. त्या हिशेबाची दुसरी बाजूही बघा. १८८३च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने ‘इंडियन गुन्ह्यां’ची नियमावली काढली. राखीव प्रदेशांत सूर्यनृत्य आणि युद्धनृत्य करणं गुन्हा ठरलं. शिक्षा म्हणजे शिधा बंद, पुन्हा केलं तर कैद. आणि पुढच्याच महिन्यात ओमाहाला वाइल्ड वेस्टचा पडदा उघडला, जिथे युद्धनृत्य हा तिकीट लावून दाखवायचा कार्यक्रम होता. स्वतःच्या गावात, स्वतःच्या देवासाठी नाचलात तर उपाशी राहाल. परक्या गावात, परक्यांसाठी नाचलात तर पगार मिळेल. असे दोनच दरवाजे उघडे असताना दुसरा निवडणाऱ्याला मी भोळा म्हणणार नाही आणि त्या निवडीला मोकळी निवडही म्हणणार नाही.

याहून उघडं उदाहरण १८९१चं. १५ डिसेंबर १८९०ला सिटिंग बुलला अटक करायला गेलेल्या पोलिसांनी त्याला गोळ्या घालून मारलं. २९ डिसेंबरला वूंडेड नी इथे लष्कराने अडीचशेहून अधिक लकोटा मारले, त्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येने. त्या काळात पसरलेल्या ‘घोस्ट डान्स’ या धार्मिक चळवळीतले किकिंग बेअर, शॉर्ट बुल आणि आणखी काही जण इलिनॉयच्या फोर्ट शेरिडनमध्ये कैदेत होते. त्यांतल्या वीसहून अधिक लोकांना कोडीच्या हवाली करण्यात आलं आणि वसंतात ते खेळासोबत युरोपला निघाले. तुरुंग किंवा रिंगण. थंडीत आपली माणसं गमावलेले हे लोक काही महिन्यांत झोपडीवर हल्ला करणाऱ्यांची भूमिका वठवत होते.

सरकारने करार मोडले म्हणूनच इंडियन उठले, असं कोडी म्हणाल्याचं सांगितलं जातं. तसं असेल तर त्याच्यावरचा ठपका हलका होत नाही, वाढतो. कारण म्हणजे त्याला माहीत होतं. आणि तीस वर्षांत एकदाही त्याने रिंगणात मोडलेल्या कराराचा प्रवेश बसवला नाही.

शेवटी शेवटी तर खेळ कबरीवर जाऊन उभा राहिला. १९१३मध्ये वाइल्ड वेस्टचं दिवाळं निघालं, डेन्व्हरमध्ये लिलाव झाला. त्याच वर्षी कोडी जनरल माइल्सला घेऊन सिनेमा काढायला वूंडेड नीला पोचला. प्रत्यक्ष जागेवर, खरे सैनिक आणि खरे लकोटा घेऊन हत्याकांडाचं चित्रीकरण झालं. कोडी स्वतः त्या हत्याकांडाच्या वेळी तिथे नव्हताच. चॉन्सी यलो रोब या लकोटा शिक्षकाने लगेच जाहीर भाषणात याचे वाभाडे काढले : खऱ्या प्रसंगी जे हजर नव्हते ते आता आमच्या कबरींवर कॅमेऱ्यापुढे वीर झाले. ‘त्या काळी कोणाला काय कळत होतं’ असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ज्यांच्यावर बेतलं होतं, त्यांना त्या काळीही कळत होतं.

कोडी १९१७मध्ये वारला, पण त्याची झोपडी आणि गाडी वारली नाही. ती हॉलिवूडच्या वेस्टर्नपटांत गेली, आणि तिथून जगभर. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘रेड इंडियन’ म्हणजे कोंबडीच्या पिसांचा मुकुट आणि तोंडावर हात आपटत काढलेला आवाज. अमेरिकेत शेकडो वेगवेगळी आदिवासी राष्ट्रं आहेत. पिसांचा मुकुट, घोडा आणि कातड्याचा तंबू ही मैदानी प्रदेशातल्या काही मोजक्यांची ओळख. तीच सगळ्यांची झाली, कारण कोडीच्या खेळात मुख्यतः लकोटा होते. हजारो मैलांवरच्या मराठी पोरांच्या डोक्यावर चढलेली ती पिसं या खेळाचीच उधारी आहे.

आणि ब्लॅक हिल्स? १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ती जमीन सरकारने रास्त मोबदला न देता घेतली. भरपाई ठरली, व्याजासकट दहा कोटी डॉलरहून जास्त. देशातल्या अत्यंत गरीब वस्त्यांपैकी काही या लोकांच्या आहेत. तरीही त्यांनी ते पैसे आजतागायत उचललेले नाहीत. म्हणणं एकच : जमीन विकायला काढलेली नव्हती.

डेडवुड गाव अजून तिथेच आहे, पर्यटक येतात. तुमच्या स्क्रीनवर पुढच्या वेळी वेढलेलं घर, घाबरलेलं कुटुंब आणि आरोळ्या ठोकत येणारे लोक दिसले, तर हातातलं बोट जरा थांबवा. नायक वेळेवर पोचतो की नाही हे नंतर बघता येईल. आधी विचारा, हे घर बांधलंय कोणाच्या जमिनीवर?