क्लबची खोली की जेवणाचा प्लॅन?

लग्नसराई आटोपली आणि पेठेत गिऱ्हाईक विरळ झाले की कापड बाजारातील कुटुंबे आता चार दिवस बाहेरगावी जातात. पूर्वी आमच्याकडे बाहेरगावी जाणे म्हणजे नातेवाइकांकडची शादी, नाहीतर एखादा उरूस. आता मुलगे-सुना हॉटेलचे नाव घेतात, आणि हॉटेलवाला फोनवर पहिला सवाल करतो, "शेठ, प्लॅन कोणता घेणार?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, "थोडे वर टाका, क्लब फ्लोअर देतो." ताग्यामागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारे आमचे व्यापारी बांधव या दोन सवालांवर मात्र पटकन 'हो' म्हणून मोकळे होतात. पोरांसमोर कंजूष दिसायला नको, हे त्यामागचे खरे कारण. आमचे म्हणणे इतकेच की रक्कम एका छोट्या लॉटच्या किमतीएवढी असते, तेव्हा माल उलगडून पाहायला हरकत नसावी.

आधी शब्द समजून घेऊ. हॉटेलवाले चार प्लॅन बोलतात. युरोपियन म्हणजे नुसती खोली. कॉन्टिनेंटल म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. मॉडिफाइड अमेरिकन म्हणजे नाश्ता आणि दुपार किंवा रात्र यांपैकी एक जेवण. अमेरिकन म्हणजे तिन्ही वेळचे. दुबई-मलेशियाकडे यातल्या तिसऱ्याला हाफ बोर्ड आणि चौथ्याला फुल बोर्ड म्हणतात. माल तोच, फक्त लेबल वेगळे.

क्लब फ्लोअर हे त्याहून निराळे प्रकरण. मोठ्या हॉटेलात वरचे एक-दोन मजले राखून ठेवलेले असतात. त्या मजल्यावरच्या पाहुण्यांसाठी वेगळी बैठकीची जागा, तिला ते लाउंज म्हणतात. नाश्ता तिथे, दुपारचा चहा-बिस्किट तिथे, संध्याकाळी दोन तास खाण्याच्या लहान बश्या आणि त्यासोबत दारू. चार कपड्यांना इस्त्री, तासभर मीटिंगची खोली, खोली सोडायला दोन-तीन तास जास्त. हॉटेलागणिक थोडेफार इकडेतिकडे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने बघा. या गठ्ठ्यातला सर्वात महाग माल कोणता? नाश्ता नव्हे, तो साध्या खोलीबरोबरही बहुतेक ठिकाणी मिळतो. चहा नव्हे. महाग आहेत ते संध्याकाळचे दोन तास, कारण त्या वेळी जे ओतले जाते त्याचा हॉटेलातला भाव सर्वांना ठाऊक आहे. ज्या गिऱ्हाइकाला ते चालते त्याची क्लबची वाढीव रक्कम दोन पेल्यांत वसूल होते. आपण त्याच रकमेत लिंबू सरबत पितो. म्हणजे लॉट घेतला, त्यातला निम्मा माल आपल्या दुकानात ठेवताच येत नाही, आणि भाव मात्र पूर्ण लॉटचा. शिवाय ज्या दस्तरखानावर शराब फिरते तिथे बसू नये, ही आपल्या घरची शिकवण. मग त्या दोन तासांत बायको-मुलांना घेऊन आपण लाउंजमध्ये जाणार तरी कसे? अनेक हॉटेलांत तर संध्याकाळी लहान मुलांना आत सोडतच नाहीत. खोलीत तिसरे माणूस असेल, म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा अम्मी, तर तिचे लाउंजचे पैसे वेगळे. हे सर्व वजा केल्यावर हाती काय उरते ते आपापल्या कागदावर मांडून पाहावे.

तरी क्लब फ्लोअर सरसकट वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. आखाताचा खरेदीदार मुंबईत आला आहे, त्याला नमुने दाखवायचे आहेत, दुकान गल्लीत आहे आणि गल्लीत त्याची गाडी शिरत नाही. अशा वेळी एका रात्रीची क्लबची खोली घेतली तर शांत मीटिंगची जागा मिळते, चहा-कॉफी येत राहते, आणि खरेदीदारासमोर आपली इज्जत राहते. बैठक सकाळी अकराची ठेवा, संध्याकाळची ठेवू नका, एवढेच. हा कारोबाराचा खर्च आहे. घरच्या सुटीत त्याची गरज आम्हाला तरी दिसत नाही.

जेवणाच्या प्लॅनचे गणित गुंतागुंतीचे आहे, आणि तिथेच आपल्या लोकांचे जास्त पैसे जातात.

पहिली गोष्ट ताटात काय येणार याची. महाबळेश्वर, माथेरानकडची पुष्कळ हॉटेले शुद्ध शाकाहारी आहेत. तिथे हलालचा सवालच उठत नाही आणि एका अर्थाने मन निश्चिंत राहते, पण तीन दिवस तीन वेळा तेच जेवण मुले खातील का, हे ज्याने त्याने आपल्या पोरांकडे पाहून ठरवावे. जिथे मांसाहारी बुफे आहे तिथे 'मटण-मुर्गी कोठून येते?' हा प्रश्न पैसे भरण्याच्या आधी विचारायचा असतो. ताट हातात घेऊन विचारण्यात अर्थ नाही. उत्तर गोलमोल आले तर समजून घ्या की तुम्ही मांसाहारी बुफेचे पैसे भरून डाळ-भात आणि पापलेट खाणार आहात. पुन्हा गोव्यात निम्मा बुफे समुद्राचा. आमच्या कोकणी शाफई बांधवांचे तिथे काही अडत नाही, कोळंबी आणि खेकडा ते खुशीने खातात. हनफी घरात खेकडा दस्तरखानावर येत नाही आणि कोळंबीवरही दोन मते निघतात. एकाच प्लॅनची एकाच भावात दोन शेजाऱ्यांना मिळणारी किंमत अशी वेगवेगळी असते.

दुसरी गोष्ट कराची, आणि ही फार थोड्या लोकांच्या ध्यानात येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याआधी तो १२ टक्के होता. ७,५०० च्या वर गेले की १८ टक्के. आता समजा, गोव्यात नाश्त्यासह खोली ७,००० रुपयांना आहे. कर ३५० रुपये, एकूण ७,३५०. हॉटेलवाला म्हणतो, दोघांचे रात्रीचे जेवण धरा, माणशी १,२०० प्रमाणे २,४०० वाढतील. ऐकायला बरे वाटते. पण हे सर्व एकाच आकड्यात बांधून बिल केले तर आकडा ९,४०० होतो, ७,५०० ची रेघ ओलांडली जाते आणि पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात, म्हणजे १,६९२ रुपये. एकूण ११,०९२. दोन जेवणांसाठी तुमच्या खिशातून २,४०० नव्हे, ३,७४२ गेले. तेच जेवण बाहेर साध्या रेस्टॉरंटमध्ये त्याच भावाने घेतले असते तर ५ टक्क्यांनी २,५२० झाले असते. एका रात्रीचा फरक १,२२२ रुपये, तीन रात्रींचा ३,६६६. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण रेघ खरी आहे.

यात एक पोटकलम आहे. ज्या हॉटेलात काही खोल्या ७,५०० च्या वर विकल्या जातात, त्याच्या आतल्या रेस्टॉरंटवरही १८ टक्के लागू शकतो. तसे असेल तर वरचा फरक कमी होतो, संपत नाही. म्हणून बुकिंग करताना साधा सवाल करावा, खोली आणि जेवण बिलात वेगळे दाखवणार की एकत्र? जो वेगळे दाखवायला तयार असेल त्याच्याशी पुढे बोलावे. आणि कोणी मुनीम म्हणेल की कराचा परतावा मिळेल, दुकानाच्या नंबरवर बिल घ्या, तर त्याचे ऐकू नये. घरच्या सहलीवर परतावा नसतोच. धंद्याच्या कामासाठी गेलात तरी हॉटेलचा कर जिथे हॉटेल आहे त्या राज्याचा धरला जातो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला गोव्याच्या हॉटेलचा परतावा मिळत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. आगाऊ भरलेले जेवण ही उधारीच्या उलटी चाल आहे. पैसे त्यांच्याकडे, माल तुमच्याकडे यायचा बाकी. मालाला घड्याळ लावलेले असते आणि वेळ टळली की माल बुडतो. एका थंड हवेच्या ठिकाणी आम्ही तिन्ही वेळचा प्लॅन घेतला होता. घाटात गाड्यांची रांग लागली, आम्ही दुपारी तीनला पोहोचलो. अडीचला भांडी उचलली, असे उत्तर मिळाले. बाहेर जाऊन सात माणसांनी पुन्हा पैसे देऊन खाल्ले. त्या हॉटेलवाल्याने नियम मोडला नव्हता, नियम पावतीच्या मागे छापलेलाच होता. महाबळेश्वरला गेलेला माणूस दिवसभर पॉइंट पाहणार, गुरेघरला थांबून मुलांना स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊ घालणार, बाजारात भाजलेले मक्याचे कणीस घेणार. मग दुपारच्या बुफेसाठी अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे की भरलेले पैसे सोडायचे? दोन्हीत नुकसान आहे. अशा ठिकाणी नाश्त्याचा प्लॅन पुरे. सकाळी सर्वजण पोटभर खाऊन निघतात, पुढचे जसे जमेल तसे.

इतके लिहून झाल्यावर वाचक म्हणतील की शेठ प्लॅनच्या विरोधात आहेत. तसे नाही. माथेरान घ्या. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, नाहीतर घोड्यावर. काही वर्षांपासून थोड्या ई-रिक्षाही आल्या आहेत. रात्री लाल मातीच्या वाटेने बुजुर्गांना जेवायला बाजारात नेणे म्हणजे त्यांच्या गुडघ्यांची परीक्षा. तिथली बहुतेक हॉटेले खोली जेवणासकटच देतात आणि तिथे ते रास्त आहे. मालदीवच्या रिसॉर्टचेही तेच, एका बेटावर एकच हॉटेल, त्याच्या स्वयंपाकघराशिवाय दुसरा चारा नाही. बाहेर दुसरे दुकान नसेल तिथे आधी भाव बांधून घेणे हीच हुशारी.

आणि एक बाब आहे जी कोणत्याही हिशेबाच्या कागदावर येत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, उजवीकडून डावीकडे वाचणारी माणसे. आमचे बुजुर्ग हॉटेलचे मेनूकार्डही उजवीकडूनच वाचतात, म्हणजे आधी भाव आणि मग पदार्थ. अम्मीला विचारा काय मागवू, ती म्हणेल, "मला भूक नाही बेटा, एक रोटी आणि डाळ पुरे." भूक असते. पण डाव्या बाजूचे नाव वाचायच्या आधी उजवीकडचा आकडा तिला दिसलेला असतो. ज्या बाईने यंत्रमागाच्या मंदीत चार पोरांची शाळेची फी काढली, तिला साडेचारशे रुपयांची बिर्याणी गळ्याखाली उतरत नाही. प्लॅन आधी भरलेला असेल तर तिच्यासमोर आकडाच येत नाही. ती निवांत बसते, दुसऱ्यांदा वाढून घेते, आणि वर्षभर चुलीजवळ उभ्या असलेल्या सुनेलाही आज काय शिजवू याचा विचार करावा लागत नाही. ज्यांच्या घरी असे बुजुर्ग आहेत त्यांनी कराचे हजार-बाराशे रुपये जास्त गेले तरी खुशाल जेवणाचा प्लॅन घ्यावा. क्लबच्या वाढीव पैशांत हे सुख मिळत नाही, कारण लाउंजच्या लहान बश्यांनी अम्मीचे पोट भरत नाही आणि तिथले वातावरण तिला मानवत नाही.

मधुमेहाचे पथ्य असेल तर मात्र हॉटेलला आधी सांगून ठेवावे. बुफेच्या टेबलावर गोडाच्या चार परातींपुढे भले भले डळमळतात.

जाता जाता सर्व्हिस चार्जविषयी. बिलात तो आपोआप जोडता येणार नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. तरी काही ठिकाणी तो बिलात दिसतो. काढायला सांगावा. वेटरला खुशीने काय द्यायचे ते त्याच्या हातात द्यावे.

रमजानचा विचारही आता सुटीबरोबर करावा लागेल. महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आहे. २०३० साली तो दोनदा येईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, म्हणजे ऐन नाताळच्या सुटीत. मक्का-मदिनेच्या हॉटेलांत हाफ बोर्ड घेतले तर रमजानात इफ्तार आणि सेहरी धरतात. आपल्याकडच्या हॉटेलात हे सांगितल्याशिवाय होत नाही. नाश्त्याच्या बदल्यात पहाटे चारला खोलीवर डबा आणि थर्मासमध्ये चहा मिळेल का, हे बुकिंगच्या वेळी विचारून पावतीवर लिहून घ्यावे. आम्ही विचारले तिथे दोन हॉटेलांनी लगेच कबूल केले, एकाने वेगळे पैसे सांगितले.